कोहळा देऊन आवळा: प्लेस्टेशन ३ च्या किमतीचं प्रकरण

मे २००६ मध्ये लॉस एंजलिसला सोनीने प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्राची किंमत जाहीर केली. २० जीबीचं यंत्र ४९९ डॉलर, ६० जीबीचं ५९९. पहिलं प्लेस्टेशन १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आलं होतं, दुसरंही २००० मध्ये २९९ लाच. तिसऱ्याची किंमत थेट दुप्पट झालेली पाहून लोक खवळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यंत्र दुकानांत आलं आणि आयसप्लाय या बाजार-संशोधन कंपनीने ते खोलून एकेका भागाचा हिशेब मांडला. ६० जीबीच्या यंत्राचे सुटे भाग आणि जुळणी मिळून खर्च निघाला ८४० डॉलर ३५ सेंट. २० जीबीच्या यंत्राचा ८०५ डॉलर ८५ सेंट.

म्हणजे गिऱ्हाइकाला जे डोईजड वाटत होतं, ते विकणारा दर डब्यामागे २४० ते ३०० डॉलर पदरचे घालून विकत होता. दोघांचीही तक्रार खरी होती. एकच वस्तू एकाच वेळी घेणाऱ्याला महाग आणि देणाऱ्याला तोट्याची कशी पडते, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. ‘सोनीने किंमत फार ठेवली आणि फसली’ असं उत्तर बऱ्याचदा दिलं जातं. मला ते पटत नाही. किंमत जाहीर करायची वेळ आली तेव्हा सोनीच्या हातात ठरवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. खर्च पाच वर्षं आधीच ठरून गेला होता, आणि त्यातला बराचसा खर्च गेम खेळण्यासाठी नव्हता.

धंद्याची रीत

गेमच्या यंत्रांचा धंदा आवळा देऊन कोहळा काढण्याचा आहे. यंत्र तोट्यात किंवा जेमतेम खर्च निघेल अशा भावात द्यायचं आणि पुढची पाच-सात वर्षं त्यावर खपणाऱ्या प्रत्येक गेममागे रॉयल्टी घ्यायची. गेम कुठल्याही कंपनीने बनवलेला असो, तो त्या यंत्रावर चालायचा तर यंत्रवाल्याचा परवाना लागतोच. त्या काळी अमेरिकेत नवा गेम ६० डॉलरला मिळे आणि त्यातले साधारण ७ ते १० डॉलर यंत्रवाल्याच्या वाट्याला येतात, असा धंद्यातला अंदाज होता. स्वतःच्या स्टुडिओत बनवलेल्या गेमवर जास्त सुटतात, जादा कंट्रोलरवरही चांगला नफा असतो. पण घराचा वासा रॉयल्टीचाच.

आता हेच गणित प्लेस्टेशन ३ ला लावून पाहा. ६० जीबीच्या यंत्रामागे २४१ डॉलरचा खड्डा. गेममागे ८ डॉलर धरले, तर तो बुजायला एका घरात ३० गेम जायला हवेत. २० जीबीच्या यंत्राचा खड्डा ३०७ डॉलरचा, म्हणजे ३८ गेम. तेही नवेकोरे, कारण सेकंडहँड गेमच्या व्यवहारात यंत्रवाल्याला काहीच मिळत नाही. ३० गेम म्हणजे १,८०० डॉलर. एवढे पैसे घालणारे शौकीन असतात, पण तेवढ्यांवर कोट्यवधी यंत्रांचा धंदा उभा राहत नाही.

मग सगळे यंत्रवाले हा जुगार खेळतात तरी कशाच्या भरवशावर? काळाच्या. यंत्राची विक्री किंमत पहिल्या दिवसाच्या खर्चावर बेतलेली नसतेच, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या खर्चावर बेतलेली असते. चिप दर दोनेक वर्षांनी लहान होते, एका वेफरवर, म्हणजे चिप्स जिच्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या तबकडीवर, जास्त बसतात, त्यांना वीज कमी लागते, म्हणून पंखा आणि पॉवर सप्लाय लहान होतो, म्हणून डबा लहान होतो, म्हणून एका कंटेनरमध्ये जास्त डबे मावतात. एका बदलाने खर्चाची अख्खी माळ उतरते. पहिल्या वर्षीचा तोटा म्हणजे पुढच्या वर्षांच्या बचतीवर काढलेली उचल. ती फिटणार की नाही, हे चिप किती लवकर लहान होते आणि दरम्यान किती गेम खपतात यावर ठरतं. प्लेस्टेशन २ ने ही उचल व्याजासकट फेडली होती. मार्च २००३ अखेरच्या वर्षात सोनीच्या गेम विभागाचा नफा ११२.७ अब्ज येन होता.

डबा खोलल्यावर

आयसप्लायच्या हिशेबात सर्वांत महाग भाग होता आरएसएक्स ही चित्रं रेखाटणारी चिप, १२९ डॉलर. तिच्या खालोखाल ब्लू-रे ड्राइव्ह, म्हणजे डीव्हीडीनंतरच्या नव्या चकत्या वाचणारा भाग, १२५. मग मुख्य प्रोसेसर सेल, ८९. एक्सडीआर जातीची मेमरी ४८, हार्ड डिस्क ५४, पॉवर सप्लाय साडेसदतीस, जुळणी ४०. शिवाय २७ डॉलरची एक जोडी होती जिचा नव्या गेमशी संबंध नव्हता: प्लेस्टेशन २ च्या मूळ चिप्स, जुने गेम चालावेत म्हणून बसवलेल्या. एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र.

या ८४० मध्ये कंट्रोलर, वायरी आणि खोकं धरलेलं नाही. वाहतूक, जाहिरात, वॉरंटी, संशोधन यांपैकीही काही नाही. आणि ५९९ तरी सोनीला कुठे मिळत होते? दुकानदाराचा वाटा कितीही बारीक असला तरी त्यातूनच जातो. खरा खड्डा २४१ पेक्षा खोल होता.

आपल्याकडे साखर कारखान्यात सगळं गणित उताऱ्यावर चालतं. तोच ऊस, तेच गाळप, पण उतारा अर्धा टक्का घसरला की ताळेबंद हलतो. चिपच्या कारखान्यातही तसंच. एका वेफरचा खर्च जवळपास ठरलेला असतो, त्यातून चांगल्या चिप्स किती उतरतात त्यावर एकेका चिपचा भाव. सेल ही मोठी चिप होती, २३ कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर. तिच्यात एक मुख्य गाभा आणि आठ मदतनीस गाभे कोरलेले होते, पण यंत्रात आठपैकी सातच वापरायचे असं सोनीने ठरवलं. कारण साधं होतं: एखादा गाभा सदोष निघाला तरी चिप फेकावी लागू नये. एवढी तजवीज करूनही ती ८९ डॉलरला पडत होती.

ब्लू-रे ड्राइव्हचं दुखणं वेगळं. त्यातला लेझर निळसर-जांभळ्या प्रकाशाचा, ४०५ नॅनोमीटरचा. तो प्रकाश देणारा डायोड तेव्हा पुरेशा संख्येने बनतच नव्हता. सप्टेंबर २००६ मध्ये सोनीला याच कारणाने युरोपातलं आगमन मार्च २००७ पर्यंत ढकलावं लागलं. एका नखाएवढ्या भागामुळे अख्ख्या युरोप खंडाचा नाताळ हुकला. नाताळ हुकणं हाही खर्चच आहे, फक्त तो सुट्या भागांच्या यादीत दिसत नाही.

त्याच महिन्यात टोकियो गेम शोमध्ये सोनीने आणखी एक घोषणा केली. जपानमध्ये २० जीबीच्या यंत्राची किंमत करांसह ६२,७९० येन ठरली होती, ती विक्री सुरू होण्याआधीच ४९,९८० केली, आणि त्यात टीव्हीला जोडायची एचडीएमआय ही नवी जोडणीही घातली जी आधी फक्त महागड्या यंत्रात होती. खर्च एका येनने कमी झालेला नसताना दर यंत्रामागे १२,८१० येन सोडून दिले. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांनी २००५ मध्ये म्हटलं होतं की हे यंत्र घेण्यासाठी जास्त तास काम करावं असं लोकांना वाटायला हवं. त्यांना आपल्या यंत्राचा मनापासून अभिमान होता, आणि अभियंता म्हणून तो रास्तच होता. पण तोवर अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हार्ड डिस्कसह ३९९ डॉलरला वर्षभर विकला जात होता.

कुणाचा खर्च कुणाच्या नावावर

मार्च २००१ मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी सेल बनवण्यासाठी हातमिळवणी जाहीर केली. टेक्सासमधल्या ऑस्टिनला केंद्र, पाच वर्षांत ४० कोटी डॉलर. एप्रिल २००३ मध्ये सोनीने पुढच्या पिढीच्या चिप्स बनवण्यासाठी तीन वर्षांत २०० अब्ज येन गुंतवायचं ठरवलं. नागासाकीच्या कारखान्यात ३०० मिलिमीटर वेफरची नवी रांग उभी राहिली. हे पैसे एका गेमच्या यंत्रासाठी घातलेले नव्हते. सेल टीव्हीत जाईल, घरातल्या इतर उपकरणांत जाईल आणि कारखान्याचा बोजा या सगळ्यांत वाटला जाईल, असा बेत होता. प्रत्यक्षात ती वाटणी झालीच नाही. सेल घातलेला टीव्ही अखेर तोशिबाने काढला, २००९ च्या डिसेंबरात, सुमारे १० लाख येनचा. असा टीव्ही किती घरांत जाणार? चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गाळ्याचं सगळं भाडं एकट्याच्या डोक्यावर पडावं, तसं यंत्राचं झालं.

ब्लू-रेची गोष्ट त्याच जातीची, पण तिथे सोनीला हवं ते मिळालं. डीव्हीडीनंतरची चकती कुणाची, सोनीप्रणीत ब्लू-रेची की तोशिबाच्या एचडी डीव्हीडीची, असं युद्ध पेटलेलं होतं. जून २००६ मध्ये अमेरिकेत आलेला सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरचा होता. त्याच्या शेजारी ४९९ चं प्लेस्टेशन ठेवलं की ते बाजारातलं सर्वांत स्वस्त ब्लू-रे यंत्र ठरत होतं, आणि वर गेमही खेळत होतं. विकलेलं प्रत्येक यंत्र म्हणजे ब्लू-रेच्या बाजूने उभा राहिलेला एक शिपाई. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. युद्ध जिंकलं. पण त्याचा खर्च कुठल्या वहीत लिहिला गेला? गेम विभागाच्या. पुढे चकत्यांच्या परवान्यांचं जे उत्पन्न येणार होतं ते मात्र सगळं त्या वहीत जमा होणार नव्हतं.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचं मर्म इथे आहे. ८४० डॉलरमध्ये गेम खेळणाऱ्याच्या गरजेचं किती आणि सोनीच्या इतर मनसुब्यांचं किती, हे वेगळं करून पाहिलं तर १२५ डॉलरचा ड्राइव्ह तेव्हाच्या गेमसाठी अपरिहार्य नव्हता. एक्सबॉक्स ३६० साध्या डीव्हीडीवर चालत होता आणि आयसप्लायच्याच अंदाजाने नोव्हेंबर २००६ पर्यंत त्याचा खर्च ३२३ डॉलरवर आला होता, म्हणजे विक्री किमतीच्या खाली. निन्टेन्डो या तिसऱ्या यंत्रवाल्याने तर शर्यतीतूनच अंग काढून घेतलं. जुन्या बनावटीची स्वस्त चिप, वेगळ्या ढंगाचा कंट्रोलर, २४९ डॉलर ९९ सेंट, आणि पहिल्या दिवसापासून नफा. वी हे त्यांचं यंत्र १० कोटींहून जास्त खपलं. प्लेस्टेशन ३ शेवटी ८ कोटी ७० लाखांच्या पुढे गेलं, पण त्याला दहा वर्षं लागली.

सेलचा दुसरा फटका रॉयल्टीच्या बाजूला बसला. ती चिप ताकदीची होती, पण तिच्यासाठी प्रोग्राम लिहिणं किचकट. मदतनीस गाभ्यांना काम वाटून देणं हे प्रोग्रामरनेच करायचं. बऱ्याच कंपन्यांचे गेम एक्सबॉक्सवर आधी किंवा जास्त सफाईने येत. ज्या चिपने खड्डा खणला तिनेच तो बुजवणारी मातीही अडवली. शिवाय ऑनलाइन खेळायला मायक्रोसॉफ्ट वर्षाला सुमारे ५० डॉलर घेत होता तेव्हा सोनी ते फुकट देत होती.

मार्च २००७ अखेरच्या वर्षात गेम विभागाचा तोटा २३२.३ अब्ज येन झाला. उत्पादन खर्चापेक्षा कमी किमतीला, धोरण म्हणून यंत्र विकल्याने हा तोटा आला, असं कंपनीने स्वतःच मांडलं. पुढच्या वर्षी १२४.५ अब्ज, त्याच्या पुढच्या वर्षी ५८.५. तीन वर्षांत मिळून ४१५ अब्ज येन.

काय काय काढलं

पुढची तीन वर्षं खर्च कसा उतरवला हे वाचायला अहवाल लागत नाही, यंत्रांकडे नीट पाहिलं तरी पुरतं. पहिलं ६० जीबीचं यंत्र पाच किलोचं. काळाभोर चकचकीत पत्रा वाटावा असा डबा, कडेला चंदेरी पट्टी, पुढे चार यूएसबी, शेजारी एक छोटं झाकण आणि त्यामागे तीन तऱ्हेच्या मेमरी कार्डांच्या खाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००७ मध्ये ४० जीबीचं यंत्र आलं, अमेरिकेत ३९९ डॉलरला. चारच्या जागी दोन यूएसबी. झाकण आणि खाचा गायब. आणि प्लेस्टेशन २ चे गेम चालणं बंद. ज्याच्या कपाटात जुन्या गेमचा ढीग होता त्याला हे लागलं, आणि लागायलाच हवं होतं. किंमत उतरली ती काही अंशी त्याच्या कपाटातून.

सप्टेंबर २००९ मध्ये सडपातळ यंत्र आलं, २९९ डॉलर. सेलवरची नक्षी ९० नॅनोमीटरवरून ४५ वर आली होती, म्हणजे चिप लहान झाली होती, आणि डबा हलका झाला होता. सोनीच्या वित्तप्रमुखांनी त्या सुमारास उत्पादन खर्च सुरुवातीपासून जवळपास ७० टक्क्यांनी उतरल्याचं मान्य केलं. तरीही आयसप्लायच्या हिशेबात ते ३३६ डॉलरला पडत होतं. तीन वर्षांनीही काठ दिसत होता, पाय लागलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र उतरत नाही: हार्ड डिस्क. चिप लहान होते तशी ती होत नाही. मोटर, तबकडी, धातूचं कवच यांना एक तळाची किंमत असते. पैसे तेवढेच राहतात, फक्त जीबी वाढतात. प्रत्येक यंत्रात हार्ड डिस्क घालायची ठरवली की तो खर्च जन्मभराचा. मायक्रोसॉफ्टने २९९ डॉलरचं यंत्र हार्ड डिस्कविना काढलं ते याचसाठी, आणि पहिल्या एक्सबॉक्समध्ये ती घालून हात पोळल्यानंतर.

मायक्रोसॉफ्टचं सगळं सुखाचं होतं असंही नाही. एक्सबॉक्स ३६० तापून बंद पडायचा, पुढ्यात तीन लाल दिवे लागायचे. जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. ३२३ डॉलरच्या त्या नेटक्या हिशेबात ही रक्कम कुठेच नव्हती.

तोट्यातल्या विक्रीची आणखी एक बाजू अमेरिकी हवाई दलाने दाखवली. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून एक महासंगणक उभा केला. त्यांच्यासाठी तो स्वस्त सौदा होता. सोनीसाठी ती अशी विक्री होती जिच्यामागे एकही गेम खपणार नव्हता. याच सुमारास सोनीने यंत्रावर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली चालवायची सोय आधी सडपातळ यंत्रातून आणि मग एप्रिल २०१० मध्ये जुन्या यंत्रांतूनही काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं गेलं. ज्यांनी ती सोय पाहून पैसे मोजले होते त्यांच्यावर हा अन्यायच होता, असं मी आजही मानतो.

आपल्याकडे हे यंत्र एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आलं. तेव्हाच्या दराने ५९९ डॉलरचे पंचवीस हजारांच्या आसपास होत होते. आयातीवरचे कर आणि मधल्या हातांचे वाटे धरले की अमेरिकेत सोनीने सोसलेली झीज इथल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. मुंबई-पुण्यात प्लेस्टेशन २ घराघरांत शिरलं ते रस्त्यावर मिळणाऱ्या नकली चकत्यांच्या जोरावर, आणि नकली चकतीवर रॉयल्टी नसते. अशा बाजारात यंत्र तोट्यात द्यायला कुठलीही कंपनी कचरते. म्हणून पूर्ण पैसे मोजून गेम घेणाऱ्या इथल्या पोरालाही यंत्र महागच मिळालं.

सोनीने पुढच्या खेपेला पानच उलटलं. २०१३ चं प्लेस्टेशन ४ एएमडी या चिप कंपनीकडून घेतलेल्या, संगणकांत रुळलेल्या जातीच्या चिपवर उभं होतं. नवा कारखाना नाही, नव्या चकतीचं युद्ध नाही. किंमत ३९९ डॉलर, आणि खोलून काढलेला खर्च ३८१. प्लेस्टेशन ५ मात्र वेगळ्याच वळणावर आहे. भारतात ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलं आणि २०२२ मध्ये ५४,९९० ला गेलं. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ४९९ चं ५४९ झालं. यंत्र जुनं होत जातं तसं स्वस्त होतं, या भरवशावर हा सगळा धंदा उभा होता. चिप लहान करणंच इतकं महाग झालं की तो भरवसा आता उरलेला नाही.

सेलसाठी वाढवलेली नागासाकीची ती रांग सोनीने २००८ मध्ये तोशिबाशी केलेल्या व्यवहारात सुमारे ९० अब्ज येनला सोडली. दोन-तीन वर्षांनी सुमारे ५० अब्जांना परत घेतली, कॅमेऱ्यांचे सेन्सर बनवण्यासाठी. मोबाइलच्या कॅमेऱ्यांत बसणाऱ्या या सेन्सरमध्ये सोनी आज जगात पहिली आहे. पण ४१५ अब्ज येन प्लेस्टेशन ३ च्याच नावावर राहिले.